घमेल्यातली पोर्तुगीज

चिमुरात कुठेही घराचं बांधकाम सुरू असलं की चित्र ठरलेलं असतं. मिस्त्री भिंतीशी उभा, माल भरलेलं घमेलं हातोहात वर चाललेलं, पाण्याची बादली बाजूला, सावलीत कुणाच्या तरी तळहातावर तंबाखू मळली जात असलेली, आणि बाजाराच्या दिवशी पगाराचा हिशेब. मिस्त्री, घमेलं, बादली, तंबाखू आणि पगार हे पाचही शब्द पोर्तुगीज भाषेतून आलेले आहेत. ते उच्चारणाऱ्याने समुद्र पाहिलेला नसेल, लिस्बन कुठल्या देशात आहे हेही त्याला ठाऊक नसेल. तरी पोर्तुगीज शिकायला बसलेल्या चिमूरकराला पहिला धडा अर्धा पाठ असतो. या प्रकरणाचा मुद्दा त्याहून थोडा पुढचा आहे. हे शब्द ज्या रीतीने इथवर पोचले, त्या रीतीतच रोजच्या वापराची पोर्तुगीज कशी शिकावी याचं उत्तर दडलेलं आहे. बाजारातली बहुतेक संभाषण-पुस्तकं मात्र ते उलट्या बाजूने देतात.

पोर्तुगीज मलबार किनाऱ्यावर उतरले १४९८ साली, गोवा त्यांनी घेतला १५१० मध्ये, आणि १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई मिळवली. पुढची दोनशे वर्षं पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांतून एक मोडकीतोडकी, कामापुरती पोर्तुगीज चालत होती. ती बोलणारे सगळे पोर्तुगीज नव्हते. अरब नाखवा, गुजराती दलाल, डच व्यापारी, इंग्रज कारकून आणि स्थानिक हमाल एकमेकांशी याच भाषेत सौदे करत. तिचं महत्त्व इतकं होतं, की १६९८ च्या इंग्रजी सनदेत ईस्ट इंडिया कंपनीच्या पाद्र्यांना हिंदुस्थानात पोचल्यापासून वर्षभरात पोर्तुगीज शिकण्याची अट घातलेली होती. इंग्रजांच्या पाद्र्याला इंग्रजीवर भागत नव्हतं! आपल्याकडे आलेले शब्द या बंदरी बोलीतून आले, लिस्बनच्या दरबारातून नव्हे, याचा पुरावा शब्दांच्या रूपातच आहे. ‘पगार’ हे पोर्तुगीजमध्ये नाम नाही, क्रियापद आहे, ‘पैसे देणे’. पगाराला त्या भाषेत ‘सलारिउ’ म्हणतात. ‘इस्त्री’ही तशीच, ‘इश्तिरार’ म्हणजे ताणणे, या क्रियापदावरून आलेली. भाषा नीट शिकलेला माणूस क्रियापद चालवतो, मी देतो, तू देतोस, त्याने दिलं असं म्हणतो. कामापुरती भाषा बोलणारा मूळ धातुरूपच पुढे ढकलतो आणि बाकीचं हातवाऱ्यांवर सोडतो. ‘उद्या पगार’, ‘आज पगार नाही’ अशा तुटक बोलण्यातून क्रियापदाचं नाम झालं असावं. म्हणजे ज्यांनी हे शब्द मराठीत आणले ते सगळे ‘रोजची चार वाक्यं’ शिकलेले लोक होते. आज त्याच चार वाक्यांसाठी पुस्तक उघडणाऱ्याचे ते पूर्वसूरी.

आता चिमूर काही बंदर नाही. चंद्रपूर जिल्ह्यातलं, ताडोब्याच्या जंगलाला लागून असलेलं, धानाच्या बांध्यांनी वेढलेलं हे गाव किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत आहे. इतक्या आत शब्द पोचायचा तर वाट लागते, आणि इथे ती एक नाही, दोन आहेत. पगार, लिलाव, घमेलं हे शब्द कोकणातून घाट चढून, देशावरून मराठीच्या अंगाने आले. पण चिमुरात ‘चावी’पेक्षा ‘चाबी’ अधिक ऐकू येते, बादलीच्या बरोबरीने ‘बाल्टी’ चालते, कपाटाला ‘आलमारी’ म्हणतात. ही हिंदीची वाट. पोर्तुगीज ‘शाव’चीच मराठीत चावी झाली आणि हिंदीत चाबी. ‘बाल्द’ची एकीकडे बालदी आणि मग अक्षरांची अदलाबदल होऊन बादली झाली, दुसरीकडे बाल्टी. हिंदी पट्ट्यात हे शब्द बंगाल आणि गुजरातच्या किनाऱ्यांकडून शिरले, कारण हुगळीलाही पोर्तुगिजांची वखार होती. चंद्रपूरचा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे होता, ते राज्य खालसा झाल्यावर मध्य प्रांतात, म्हणजे पुढच्या मध्य प्रदेशात, गेला आणि १९५६ पर्यंत तिथेच राहिला. कचेरी, रेल्वे आणि बाजार या तिन्ही ठिकाणी हिंदीचा वावर होता. त्यामुळे रत्नागिरीच्या घरात पोर्तुगीज एका दाराने आली, तर चिमूरच्या घरात दोन दारांनी. भाषेचा अभ्यास करणाऱ्याला ही चैन आहे. एकाच मूळ शब्दाची दोन रूपं एकाच तोंडात सापडतात, आणि दोन्ही शेजारी ठेवली की मूळ उच्चाराचा अंदाज बांधता येतो.

याच्या उलटही घडलं आहे, आणि तेही सांगायला हवं, नाहीतर हा युक्तिवाद फार गोड होतो. पुण्यामुंबईचा बटाटा पोर्तुगीज ‘बताता’वरून आला, पण झाडीपट्टीत, म्हणजे चिमूरच्या परिसरात, ती भाजी आलूच. आलू हे कंदाचं जुनं देशी नाव, ते नव्या कंदाला चिकटवलं गेलं. पेरूला विदर्भात जाम म्हणतात, टोमॅटोला झाडीत भेदरं. मिरचीची गोष्ट तर सगळ्यांत बोलकी आहे. शेजारच्या भिवापूरची मिरची आज नावाजलेली आहे, नागभीड-चिमूरकडच्या कितीतरी बायांचे हात सातऱ्यावर, म्हणजे मिरचीच्या आवारात, मिरचीची देठं खुडण्यात गुंतलेले असतात. ते झाड अमेरिकेतून पोर्तुगिजांच्या गलबतांतून आलं, पण नाव आलं नाही. काळ्या मिऱ्याच्या ‘मरिच’ या जुन्या शब्दानेच नव्या तिखटाला नाव दिलं. म्हणजे वस्तू आली की शब्द येतोच असं नाही. शब्द कुठे टिकतो, तर जिथे वस्तूबरोबर तिचा कारागीर, तिचा व्यवहार किंवा तिचा मुकादम येतो तिथे. मिरची शेतकऱ्याने शेतकऱ्याकडून घेतली, बियाणं हातोहात गेलं आणि वाटेत नाव बदललं. घमेलं, मिस्त्री आणि पगार मात्र कामावर एकत्र आले. कोबीने मधली वाट धरली. पोर्तुगीज ‘कोव’ची कोबी झाली, विदर्भाने तिच्याआधी आपला ‘पत्ता’ जोडला आणि पत्ताकोबी केली.

व्यवहाराबरोबर शब्द टिकतो याचं चंद्रपूर-गडचिरोली या दोन जिल्ह्यांतलं ठळक उदाहरण म्हणजे ‘लिलाव’. इथली जंगलाची अर्थव्यवस्था या शब्दाभोवती फिरते. बल्लारपूर आणि आलापल्लीच्या आगारांत सागवानाचा लिलाव, उन्हाळ्यापूर्वी तेंदूपत्त्याच्या घटकांचा लिलाव, वनहक्क मिळालेल्या गावांत आता ग्रामसभेनेच केलेला लिलाव. मूळ पोर्तुगीज शब्द ‘लेइलाँउ’. तोही पोर्तुगिजांचा घरचा नव्हे, त्यांनी तो अरबांकडून घेतला. बंदरात माल उतरल्यावर तो ओरडून विकायची रीत ज्याची, शब्दही त्याचा. दुसरा शब्द ‘तुरुंग’, आणि त्याची व्युत्पत्ती जंगलच्या माणसाला चटकन पटेल. पोर्तुगीज ‘त्रोंकु’ म्हणजे झाडाचं खोड. कैद्याचे पाय अडकवायला खोडाला भोकं पाडत, त्या साधनालाही त्रोंकुच म्हणत आणि मग ते जिथे असे त्या कोठडीलाही. मराठीत नेमकं हेच घडलेलं आहे. खोड आणि कैद्याच्या पायातला ‘खोडा’ हे एकाच कुळातले. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता झाडाच्या बुंध्यातून शिक्षेचा शब्द काढला. इंग्रजांविरुद्धच्या १६ ऑगस्ट १९४२ च्या उठावानंतर चिमूरच्या कितीतरी घरांनी हा शब्द फार जवळून अनुभवला. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनाही त्या वर्षी नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगांत ठेवलं होतं. सरकारी पाटीवर आता ‘कारागृह’ असतं, जसं पगारपत्रकावर ‘वेतन’ असतं. पण कारागृहात कुणी जात नाही, लोक तुरुंगातच जातात आणि वेतन न मिळता पगारच होतो. लिलावाला तर सरकारलाही दुसरा शब्द फारसा सापडलेला दिसत नाही.

इथे एक रास्त हरकत निघते. हे सगळे शब्द खरंच पोर्तुगीज आहेत कशावरून? साबण अरबी ‘साबून’वरूनही निघू शकतो, कमीज आणि मेज फारशीतून आले असं सांगता येतं, बटण आणि बिस्किट इंग्रजीने दिले असतील. हरकत खरी आहे आणि तिला सरसकट उत्तर नाही. या विषयातलं सगळ्यांत मोठं काम गोव्याच्या आसगावचे सेबास्तियाँव रोदोल्फु दाल्गाद यांनी केलं. १८५५ मध्ये जन्मलेले हे धर्मगुरू लिस्बनला संस्कृत शिकवत, आणि आशियाई भाषांवरच्या पोर्तुगीज शब्दसंग्रहाच्या प्रभावाचा त्यांचा कोश १९१३ मध्ये निघाला. त्यांची पद्धत मोलाची आहे. एकच शब्द किनाऱ्यावरच्या किती भाषांत, कोणकोणत्या रूपात सापडतो हे ते शेजारी शेजारी मांडतात, आणि त्यावरून तो जमिनीवरून आला की समुद्रावरून याचा अंदाज येतो. साबणाचंच घ्या. हिंदीच्या साबुनमध्ये अरबीचा ‘ऊ’ जिवंत आहे. मराठी साबण, किंवा विदर्भाच्या तोंडचा साबन, त्या ‘ऊ’ला सोडून ‘साबाँउ’च्या जवळ सरकतो. हा पुरावा झाला नाही, इशारा झाला. अशा शब्दांना संशयाचा फायदा देऊन बाजूला ठेवावं. तरीही पगार, लिलाव, तुरुंग, घमेलं, बादली, चावी, फीत, पाव, काजू, अननस, नाताळ एवढी शिदोरी उरतेच. पावाबाबतीत एवढंच जपायचं, की ‘पाव किलो पाव’ मधला पहिला पाव संस्कृत ‘पाद’चा नातू आहे आणि फक्त दुसरा ‘पाँउ’चा.

दुसरी हरकत जास्त टोकदार आहे. बादली ठाऊक असल्याने पोर्तुगीज येत नाही. चारशे वर्षांत हे शब्द मराठी झाले, त्यांचे अर्थ हलले, आणि त्यांच्या भरवशावर बोलायला गेलेला माणूस फसेल. फसेलच, पेरूवरून तर नक्की. पेरू हा शब्द पोर्तुगीज ‘पेरा’, म्हणजे नाशपतीसारखं फळ, यावरून आला असं सहसा मानतात. पण आजच्या पोर्तुगीजमध्ये ‘पेरू’ म्हणजे टर्की पक्षी. फळवाल्याकडे पेरू मागितला तर तो खाटकाचं दुकान दाखवेल. पेरूला तिथे ‘गोयाबा’ म्हणतात. अननस पोर्तुगालात चालतो, ब्राझीलमध्ये त्याला ‘अबाकाशी’ म्हणतात. ‘साला’ म्हणजे बैठकीची खोली, त्यात शिवी नाही. आणि इंग्रजी शिकलेल्यांचा सर्वांत ठरलेला घोटाळा दुकानाच्या दारावर होतो. तिथे ‘पुश’ असं ऐकू येणारा शब्द लिहिलेला असतो आणि त्याचा अर्थ ‘ओढा’ असा असतो. तरीही या हरकतीने माझा मुद्दा खोडला जात नाही, कारण सरकलेला अर्थ हीच स्मरणाची खुंटी ठरते. दोन परक्या शब्दांची जोडी मेंदूला कोरडी वाटते; पण मराठीत पगार घ्यायचा असतो आणि पोर्तुगीजमध्ये ‘पगार’ करायचं असतं, ही दिशेची उलथापालथ एकदा ऐकली की विसरली जात नाही. हॉटेलात ‘केरु पगार’ म्हटलं की झालं, म्हणजे ‘पैसे द्यायचे आहेत’. चिमूरच्या माणसाला यातलं निम्मं वाक्य तर घरचंच आहे.

उच्चारांबाबत मराठी माणूस त्याच्या समजुतीपेक्षा बराच पुढे असतो. पोर्तुगीज त आणि द आपल्यासारखेच दातांना जीभ लावून काढलेले असतात. इंग्रजीमार्फत शिकणारे तिथे ट-ड घुसडतात, पण आपल्याला त्याची गरज नाही. बटाट्याला मराठीने दोन ट दिले खरे, मात्र तंबाखू, फीत, मिस्त्री, तुरुंग यांत त जागेवर आहे. क, प, त यांत इंग्रजीसारखा श्वास सोडायचा नसतो, तो आपण सोडतच नाही, कारण ख, फ, थ आपल्याकडे वेगळे आहेत. अडचण येते ती नाकात बोलायच्या स्वरांची, विशेषतः ‘आँउ’ची, कारण पोर्तुगीजचा निम्मा बाजार या आवाजावर चालतो. ‘नाँउ’ म्हणजे नाही, ‘माँउ’ म्हणजे हात, ‘पाँउ’ म्हणजे पाव. मराठीने या आवाजाचं काय केलं ते पाहा. कधी नाक सोडून दिलं आणि ‘व’ ठेवला, त्यातून पाव आणि लिलाव झाले; कधी नाकातला सूर घट्ट करून ‘ण’ केला, साबण पोर्तुगीज धरला तर तो त्यात दिसतो. हे ध्यानात आलं की उलट प्रवास करता येतो. लिलावच्या शेवटी नाक लावायचं आणि व अर्धवट सोडायचा, की लेइलाँउ जवळ येतं. ‘च’ची गोष्ट आणखी मजेची. आज लिस्बनमध्ये किल्लीला ‘शाव’ आणि चहाला ‘शा’ म्हणतात. पण सोळाव्या शतकातले पोर्तुगीज त्याच अक्षरांचा उच्चार ‘च’ करत, तो पुढे घासून ‘श’ झाला. त्यामुळे चावीचा च हा मराठीचा गैरउच्चार नाही, तो वास्को द गामाच्या काळातला अस्सल उच्चार आहे. तो पोर्तुगालच्या राजधानीत लोपला आणि चिमूरच्या दारावर टिकला. शिकताना एवढंच करायचं, मराठी शब्दाच्या सुरुवातीचा च श करायचा.

पण शब्द आणि उच्चार जमले तरी वाक्य होत नाही, आणि कामापुरती भाषा तिथेच अडते. याचा महाराष्ट्रातला जिवंत पुरावा रायगड जिल्ह्यात, रेवदंड्याच्या खाडीपलीकडच्या कोर्लई गावात आहे. चौल-रेवदंडा परिसरात पोर्तुगीज १५२० च्या सुमारास ठाण मांडून बसले आणि १७४० मध्ये मराठ्यांनी तो मुलूख घेतल्यावर निघून गेले. कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीत मात्र पोर्तुगीजपासून तयार झालेली एक बोली आजही बोलली जाते. तिथले लोक तिला ‘नो लिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’ म्हणतात, आणि ती बोलणारे हजाराच्या आतबाहेर असतील. जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स या भाषाशास्त्रज्ञाने १९९६ मध्ये तिच्यावर ग्रंथच लिहिला. त्यातून दिसतं ते असं, की शब्द बहुतांशी पोर्तुगीज राहिले, पण मराठीच्या अडीचशे वर्षांच्या शेजाराने वाक्याची घडी मराठी झाली आणि क्रियापद मधून उठून शेवटी जाऊन बसलं. शब्द उधार मिळतात, वाक्याचा साचा आईच्या दुधातून येतो. चिमूरचा शिकाऊ नेमकं हेच करणार. ‘किल्ली कुठे आहे’ याचं तो शब्दाला शब्द ठेवून ‘आ शाव ओंद इश्ता’ करेल. पोर्तुगीज म्हणेल ‘ओंद इश्ता आ शाव?’ उपाय फार दूर नाही. घाईत आपणही ‘कुठे आहे चाबी?’ असंच ओरडतो. बोलीतलं हे उलटं वाक्य पोर्तुगीजच्या साच्याशी जुळतं, म्हणून शिकताना पुस्तकी मराठीतून भाषांतर न करता घाईतल्या मराठीतून करावं. एक गोष्ट तर आपल्याला फुकट मिळते. ‘येतो हं’ म्हणताना आपण ‘मी’ गाळतो, कारण क्रियापदातच तो असतो. पोर्तुगीजही तसंच करते. ‘फालु’ म्हणजे ‘मी बोलतो’, ‘केरु’ म्हणजे ‘मला हवंय’. इंग्रजीच्या सवयीने प्रत्येक वाक्याआधी ‘मी’ लावणारा शिकाऊ विनाकारण ओझं वाहतो.

म्हणून माझा आग्रह असा, की पहिल्या आठवड्यात नमस्कार-चमत्कारांची लांब यादी पाठ करू नये. आधी व्यवहार घ्यावा. ‘क्वान्तु कुश्ता?’ म्हणजे केवढ्याला. ‘ऊँ पाँउ, पुर फवोर’ म्हणजे एक पाव द्या. ‘ऊँ शा’ म्हणजे एक चहा. ‘केरु पगार.’ ‘ओंद इश्ता...?’ पुढे जे हवं ते. आणि सर्वांत उपयोगी, पण पुस्तकांत बऱ्याचदा मागे पडलेलं, ‘माइश देवागार, पुर फवोर’, म्हणजे जरा हळू बोला. याला जोडून ‘नाँउ सेय’, मला माहीत नाही. ही सात वाक्यं घमेल्याच्या जातीची आहेत, एकदा हाताला लागली की रोज वापरात राहतात. यावर कुणी म्हणेल, हा असंस्कृतपणा झाला. पोर्तुगालात दुकानात शिरताना ‘बों दीआ’ न म्हणता भाव विचारणं उद्धट समजतात. हे मला मान्य आहे, आणि इथे माझ्या युक्तिवादाला मुरड घालावी लागते. सकाळी ‘बों दीआ’, दुपारी ‘बोआ तार्द’, रात्री ‘बोआ नोइत’ हे तीन शब्दगुच्छ व्यवहाराच्या आधी यायलाच हवेत. बंदरातल्या हमालाला ते लागत नव्हते, पाहुण्याला लागतात.

आभारांची बाब मराठी बायकांना लवकर जमेल. पुरुष ‘ओब्रिगादु’ म्हणतो, स्त्री ‘ओब्रिगादा’. ऐकणारा कोण आहे याच्याशी संबंध नाही, बोलणारा कोण आहे ते महत्त्वाचं. पुरुषाचं ‘मी निघालो’ आणि स्त्रीचं ‘मी निघाले’ ज्या भाषेत रोज आहे, तिला हे नवं नाही. अडचण असेल तर सवयीची, कारण मराठीत ‘आभार’ हा शब्द व्यासपीठावर शेवटी येतो, घरात येत नाही. तू आणि तुम्ही यांचंही तसंच. पोर्तुगीजमध्ये जवळच्याला ‘तू’ आहे, अगदी आपल्याच तूसारखा ऐकू येणारा, आणि तो योगायोग नाही, दोन्ही भाषांचं फार जुनं कूळ एक आहे. दोन-दोइश, सात-सेत, नऊ-नोव ही नातीही तिथलीच. अनोळखी थोराशी मात्र पोर्तुगालात तृतीय पुरुषात बोलतात. ‘ऊ सेञोर केर शा?’ याचा अक्षरशः अर्थ ‘साहेबांना चहा हवाय का?’ आणि हे समोरच्या साहेबालाच विचारलेलं असतं. ‘पाहुणे चहा घेतील ना?’ असं पाहुण्याच्याच तोंडाकडे बघून विचारणाऱ्या घरात याचं नवल वाटायला नको. आईला पोर्तुगीजमध्ये जे म्हणतात ते नाकात म्हटलेलं ‘माँइ’ आहे. पुणेकराला त्यासाठी आई विसरावी लागते, विदर्भातल्या माणसाला नुसतं ‘माय’ नाकात म्हणायचं आहे.

तिसरी हरकत उरते ती उपयोगाची. चिमूरच्या पोराने आधी इंग्रजी सुधारावी, पोर्तुगीज शिकून करायचं काय? नोकरीच्या हिशेबाने हे बरोबर आहे, आणि पोर्तुगीजने पगार वाढतो असं सांगण्याचा खोटेपणा मी करणार नाही. पण ही भाषा बोलणारे २५ कोटींहून अधिक लोक आहेत, त्यातले २० कोटींच्या वर एकट्या ब्राझीलमध्ये. जगात सर्वाधिक सोयाबीन पिकवणारा देश तोच, आणि तिथलं पीक कसं आलं यावर चिमूरच्या शेतकऱ्याच्या सोयाबीनचा भाव हलतो. ब्राझीलच्या शेतावर सोयाबीनला ‘सोझा’ म्हणतात. कोलारा दरवाजावरून ताडोब्यात जाणाऱ्या जिप्सीत परदेशी पाहुणे बसतात, त्यात कधी ब्राझीलचाही कुणी असेल. त्याला वाघाचं ‘तिग्र’ सांगणं सोपं आहे, पण खरी मौज त्याला झाडं दाखवण्यात येईल. सागाला पोर्तुगीजमध्ये ‘तेका’ म्हणतात, हा शब्द त्यांनी मलबारातून उचलला. बांबूला ‘बांबू’च म्हणतात. तो मूळचा कुठल्या आशियाई भाषेतला यावर विद्वानांत वाद आहे, पण युरोपात तो आशियाकडूनच गेला. धानाला जुन्या गोमंतकी पोर्तुगीजमध्ये ‘बात’ म्हणत, तो सरळ आपला भात. घमेलं आणि चावी इकडे येत होती तेव्हा भात आणि साग तिकडे जात होते, त्याच गलबतांतून.

पोर्तुगाल की ब्राझील, कुणाची पोर्तुगीज धरावी, हा प्रश्न शिकणाऱ्याला फार लवकर पडतो. वर दिलेले उच्चार पोर्तुगालचे आहेत. तिथे शब्दाच्या शेवटचा स्वर गिळतात आणि अखेरच्या स चा श करतात. ब्राझीलमध्ये स्वर मोकळे असतात, ‘दीआ’चं ‘जीआ’ होतं आणि ‘माइश’चं ‘माइस’. कानाला ब्राझीलची सोपी, कारण आपणही स्वर पूर्ण म्हणतो. मात्र घमेल्यातले शब्द पोर्तुगालच्या किनाऱ्यावरून निघालेले आहेत, आणि पहिल्या महिन्यात आधार त्यांचाच घ्यायचा असेल तर तिकडचाच उच्चार आधी ऐकावा. चिमूरच्या माणसाला ‘बाल्द’मध्ये बादली लगेच दिसते, ब्राझीलच्या ‘बाउजी’मध्ये ती शोधावी लागते.